जिऱ्याचा सोडा चालतो, मग काकडीचा का नाही?

उन्हाळ्याच्या दुपारी बारामती किंवा इंदापूरच्या एसटी स्थानकाबाहेर सोड्याच्या गाडीपाशी थोडा वेळ उभं राहिलं, की एक दृश्य हमखास दिसतं. गिऱ्हाईक येतं, "एक जिरा मसाला द्या" म्हणतं, घटाघटा पितं, समाधानाने ढेकर देतं आणि गाडी पकडायला धावतं. फोडणीतलं जिरं या गोड-खारट, थंडगार, फसफसत्या पाण्यात काय करतंय, असा प्रश्न कुणालाच पडत नाही. त्याच गाडीवर 'गाजर सोडा' किंवा 'कोथिंबीर सोडा' अशी पाटी लावली, तर मात्र ती वाचूनच बहुतेक जण नाक मुरडतील.

खरं तर जिरं, गाजर, कोथिंबीर, शेपू, ओवा आणि बडीशेप ही सगळी एकाच कुळातली भावंडं. वनस्पतिशास्त्रात या कुळाला 'एपिएसी' म्हणतात. रानात शेपूला किंवा धण्याला आलेला काड्याकाड्यांचा पसरट फुलोरा ज्याने पाहिला आहे, त्याला हे नातं सांगावं लागत नाही. मग एका भावंडाला सोड्यात मानाचं पान आणि दुसऱ्याला प्रवेशबंदी, असं का? नापसंती जिभेची, नाकाची की डोक्याची? भाजीच्या सोड्याचा एक घोट तोंडात गेल्यापासून काय काय घडतं ते टप्प्याटप्प्याने पाहिलं, तर उत्तर सापडतं.

दीडशे वर्षांची सेलरी

भाजीचा सोडा ही कल्पना नवी नाही. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १८६८मध्ये सेलरीचा सोडा सुरू झाला, असं सांगतात. सुरुवातीला तो 'सेलरी टॉनिक' म्हणून विकला जाई. टॉनिक म्हणजे औषध, आणि हे औषध नव्हे, अशी हरकत सरकारने पुढे घेतल्यावर त्याचं नाव 'सेल-रे' झालं. 'डॉक्टर ब्राउन्स' या छापाचा हा सोडा न्यूयॉर्कमधल्या ज्यू खाणावळींत खारवलेल्या मांसाच्या सँडविचबरोबर पिढ्यान्‌पिढ्या प्यायला जातो. त्याचा स्वाद येतो सेलरीच्या बियांच्या अर्कातून. सेलरीही याच जिऱ्या-धण्याच्या कुळातली, तेव्हा 'सेल-रे' हा आपल्या जिरा सोड्याचा अमेरिकेतला चुलतभाऊच म्हणायला हवा.

जपानमध्ये २००७च्या उन्हाळ्यात पेप्सीने काकडीच्या स्वादाचं फिकट हिरवं पेय थोड्या काळापुरतं बाजारात आणलं होतं. अमेरिकेतल्या सिॲटलच्या जोन्स सोडा कंपनीने तर २००३मध्ये टर्की आणि तिच्या रश्श्याच्या चवीचा सोडा काढला, पुढच्या वर्षी फरसबी आणि कुस्करलेल्या बटाट्याच्या चवीचेही आणले. लोकांनी ते कुतूहलाने घेतले, मित्रांना पाजून त्यांचे चेहरे पाहिले, पण रोजच्या पिण्यात ते काही आले नाहीत. सेलरी मात्र दीडशे वर्षांहून अधिक काळ टिकली. या दोन अनुभवांतला फरक समजून घ्यायचा, तर आधी सोड्याच्या बाटलीपाशी जायला हवं.

गोळी आत गेली की

गोळी सोड्याची जाड काचेची बाटली इंग्लंडच्या हिरम कॉडने १८७२मध्ये पेटंट केली. जपानमध्ये 'रामुने' नावाचं लोकप्रिय पेय आजही अशाच बाटलीत मिळतं. बाटलीच्या मानेत रबराची चकती असते. दाबाखाली सोडा भरून बाटली उलटी केली, की गोळी घरंगळत चकतीपाशी येते आणि आतला वायू तिला तिथेच दाबून धरतो. झाकण नाही, खिळा नाही. आतला दाबच बूच बनतो. सोडावाला लाकडी दट्ट्या ठेवून वरून तळहाताचा फटका मारतो, गोळी खाली पडते, 'फट्ट' असा आवाज होतो आणि दाब एकदम उतरतो.

हा वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. पाण्यावर जितका दाब जास्त आणि पाणी जितकं थंड, तितका तो जास्त विरघळतो. एक लिटर चांगल्या सोड्यात साधारण तीन ते चार लिटर वायू सामावलेला असतो. दाब गेला की त्याला बाहेर पडायची घाई होते, पण बुडबुडा तयार व्हायला आधार लागतो. ग्लासात आधी मसाला टाकून वर सोडा ओतला की फेस कडेवरून उतू जातो, तो यामुळेच. मसाल्याचा आणि मिठाचा कणन्‌कण बुडबुड्यांना जागा देतो.

आता घोट तोंडात. जिभेला जी चरचर जाणवते ती बुडबुडे फुटल्यामुळे, असं आपण धरून चालतो. ते तसं नाही. अमेरिकेतल्या मोनेल संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २०१३मध्ये माणसांना जास्त दाबाच्या खोलीत बसवून सोडा प्यायला दिला. त्या दाबात बुडबुडे तयारच होत नाहीत, तरीही चरचर तितकीच जाणवली. ती येते आम्लातून. तोंडात कार्बन डायऑक्साइडचं कार्बोनिक आम्ल होतं आणि ते झोंबणं टिपणाऱ्या मज्जातंतूंना डिवचतं. शिवाय जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर कार्बोनिक ॲनहायड्रेज नावाचं विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारं प्रथिन, असतं. सोड्याची चव आपल्याला त्याच्यामुळे कळते, हे २००९मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून सिद्ध झालं.

याचा पुरावा काही गिर्यारोहकांना अनायासे मिळतो. हिमालयात विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून ॲसिटाझोलामाइड हे औषध दिलं जातं. ते नेमकं हेच विकर अडवतं. ते घेतलेल्या माणसाला शीतपेय बेचव, मेलेलं लागतं. बाटलीत वायू पुरेपूर असतो, फक्त जिभेला त्याचा पत्ता लागत नाही.

म्हणजे कुठल्याही सोड्यात, तो कशाच्याही स्वादाचा असो, आंबटपणा आणि झोंबणं आधीच हजर असतं. भाजीला या दोघांशी जुळवून घ्यावं लागतं. लिंबू, आलं, कोकम यांना ते सोपं जातं, कारण तेही आंबट किंवा झणझणीतच. कुस्करलेल्या बटाट्याला ते कसं जमणार?

काकडीचा वास काकडीत नसतो

जीभ ओळखते ते थोडंच: गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी. उमामी म्हणजे पिकलेल्या टोमॅटोत किंवा मटणाच्या रश्श्यात लागणारी भरीव चव. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी ती १९०८मध्ये ओळखली. बाकी आपण ज्याला काकडीची चव, शेपूची चव म्हणतो, ते मुख्यतः नाकाचं काम आहे. घोट गिळताना उच्छ्वासाबरोबर सुगंधी रेणू घशाच्या मागच्या वाटेने नाकात चढतात. सर्दी झाली की जेवण मातीमोल लागतं, ते ही वाट बंद पडल्यामुळे. सोड्यात या रेणूंना जास्तीचं वाहन मिळतं, कारण पृष्ठभागावर येऊन फुटणारा प्रत्येक बुडबुडा सुगंध हवेत उधळतो. त्यामुळे सरबतात सौम्य वाटणारा वास सोड्यात उठून येतो.

भाज्यांचे वास मोठे मुलखावेगळे आहेत. अखंड काकडीला जवळजवळ वासच नसतो. सुरी लागली की तिच्या पेशी फुटतात, आतली विकरं आणि स्निग्ध पदार्थ एकत्र येतात आणि काही सेकंदांत नोनाडायनल नावाचा रेणू तयार होतो. कोशिंबीर चोचवताना स्वयंपाकघरभर पसरणारा ताजा वास हा त्याचाच. असे रेणू नाजूक असतात. रस तापवून बाटलीत भरला, की ताजेपणा उडतो आणि उकडलेल्या भाजीचा वास मागे राहतो. बाटलीबंद काकडी पेयांना वेगळा स्वाद घालावा लागतो, त्यामागे हे कारण आहे.

ढोबळी मिरचीची तऱ्हा याच्या उलट. बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या शेडनेटमध्ये शिरलं की जो हिरवा, कच्चा वास येतो, त्यामागच्या मेथॉक्सिपायराझीन गटातल्या रेणूचा शोध कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १९६९मध्ये लावला. पाण्यात एक लाख कोटी भागांत दोन भाग इतका असला, तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. अशा रेणूचा सोडा करायचा म्हणजे जरा हात सैल सुटला की सगळा ग्लास वाया.

कोथिंबिरीत आणखी एक भानगड आहे. तिच्या पानांतले अल्डिहाइड गटातले रेणू साबणाच्या वासाशी मिळतेजुळते असतात. काही माणसांना कोथिंबीर साबणासारखीच लागते आणि त्याचा संबंध वास ओळखणाऱ्या एका जनुकाशी असल्याचं २०१२मध्ये हजारो लोकांच्या पाहणीतून दिसलं. तिच्याच बियांचा, म्हणजे धण्याचा, वास मात्र लिंबाकडे झुकणारा, सौम्य. सोड्यासाठी पानांपेक्षा धणे सोयीचे, आणि सेलरीची पानं सोडून बिया निवडण्यातही तोच शहाणपणा असावा.

सगळ्यांत विलक्षण गोष्ट बिटाची. बिटाला जो मातकट वास असतो, तो जिओस्मिन या रेणूचा. वळवाचा पहिला पाऊस तापल्या जमिनीवर पडल्यावर येणाऱ्या मृद्गंधात हाच रेणू असतो. मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू तो बनवतात. बारामती आणि इंदापूरचा बराचसा भाग अवर्षणप्रवण. इथे जूनच्या त्या वासाने माणसं घराबाहेर येऊन उभी राहतात. तोच रेणू ग्लासात आला, की "माती लागते" म्हणून ग्लास बाजूला सरकवला जातो. रेणू एकच, ठिकाण वेगळं.

जिओस्मिनला आम्लाचं वावडं आहे. लिंबू, चिंच, कोकम असं काही आंबट घातलं की त्याचं रूप बदलतं आणि वास मरतो. धरणातल्या माशाला कधी कधी चिखलट वास येतो, तोही प्रामुख्याने जिओस्मिनचाच. उजनीकाठच्या भिगवणची चिलापी कढईत जाण्याआधी तिला लिंबू किंवा चिंच चोळणाऱ्या हातांना हे रसायनशास्त्र अनुभवाने पाठ आहे. बिटाचा सोडा करणाऱ्याने तिथूनच धडा घ्यावा: आधी लिंबू, मग बीट, आणि अर्धा तास थांबून मगच चव.

मेंदू रुमाल टाकून जागा धरतो

इतकं असूनही मूळ कोडं सुटत नाही. जिऱ्याचा वास काही काकडीपेक्षा सौम्य नाही. मसाला सोड्यातलं काळं मीठ तर गंधकाच्या संयुगांमुळे उकडलेल्या अंड्यासारखं घमघमतं, आणि तरीही त्याच्याशिवाय मसाला सोडा अळणी वाटतो. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्यात कोथिंबीर, आलं, जिरं, मिरची सगळं चालतं, उलट कोथिंबीर नसली तर आचाऱ्याला नावं ठेवली जातात. म्हणजे कोथिंबीर पिण्याला लोकांची ना नाही. ना आहे ती 'सोडा' म्हणून पिण्याला.

इथे मेंदूचा खेळ सुरू होतो. बारामती आगारात गाडी लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली जाते, माणूस मागून येतो. मेंदूचंही तसंच. ग्लास हातात येताच रंग, बुडबुडे आणि नाव पाहून तो 'गोड, फळाचं' असा रुमाल टाकून मोकळा होतो. घशामागून नाकात चढते काकडी. जागा दुसऱ्यासाठी धरलेली असल्याने वाद होतो, आणि त्या वादालाच आपण 'घाणेरडी चव' म्हणतो. मठ्ठ्यासाठी रुमाल खारट-तिखटाचा पडलेला असतो, म्हणून तिथे कोथिंबीर निवांत बसते.

ही नुसती कल्पना नाही. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात मार्टिन योमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुरावलेल्या सामन माशाचं गारेगार मिश्रण लोकांना चाखायला दिलं. काहींना ते 'आइस्क्रीम' म्हणून दिलं, काहींना 'गोठवलेला खारा पदार्थ' म्हणून. वाडग्यात पदार्थ तोच होता. आइस्क्रीम समजून खाणाऱ्यांना तो जास्त खारट आणि नकोसा वाटला, दुसऱ्यांनी तो बऱ्यापैकी स्वीकारला. हा अभ्यास २००८मध्ये प्रसिद्ध झाला. सोड्याच्या गाडीवरच्या पाटीत किती ताकद असते, ते यावरून कळावं.

रुमाल कुठे टाकायचा हे मेंदू शिकतो कुठून? सवयीतून, आणि ती फार लवकर लागते. अमेरिकेत २००१मध्ये प्रसिद्ध झालेल्या ज्युली मेनेला यांच्या प्रयोगात काही स्त्रियांनी गरोदरपणी किंवा बाळ अंगावर पीत असताना नियमित गाजराचा रस घेतला. त्यांच्या बाळांनी पुढे गाजराच्या चवीची पेज खाताना तोंडं कमी वाकडी केली. मोठेपणीही अनोळखी चव पुन्हा पुन्हा, थोडी थोडी भेटली की बिचकणं कमी होत जातं. न्यूयॉर्कच्या सेलरीला हे भाग्य मिळालं. लहान मूल आजोबांबरोबर खाणावळीत गेलं आणि सँडविचबरोबर तो हिरवट वासाचा सोडा घरचा होऊन गेला. टर्कीच्या सोड्याला सणापुरतंच आयुष्य होतं.

ऊसपट्ट्याची तयारी आधीच आहे

नीरेच्या कालव्यावर वाढलेला हा मुलूख साखरेचा. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, असे सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत आहेत. सोड्याच्या गोष्टीत साखर बिनमहत्त्वाची नाही, कारण गोडवा कडूपणाला आणि आंबटपणाला दाबून टाकतो. बाजारातल्या ३०० मिलीलिटरच्या नेहमीच्या शीतपेयात साधारण ३० ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. इतकी कळत कशी नाही? थंडीमुळे जिभेला गोडी कमी लागते आणि आम्ल ती आणखी झाकतं. तेच पेय कोमट आणि वायू गेलेलं पिऊन पाहिलं, तर ते पाकासारखं लागतं.

भाजीच्या सोड्यात एवढी साखर घातली की भाजीही दबते आणि फायदाही जातो. म्हणून इथल्या रसवंतीकडे पाहावं. शेजारच्या पुरंदर तालुक्यातल्या लोकांनी कानिफनाथ, नवनाथ या नावांच्या रसवंत्या महाराष्ट्रभर नेल्या, आणि चरकात उसाबरोबर आल्याचा तुकडा व लिंबू घालायची रीत घरोघर माहीत झाली. आलं भाजीमंडईतलंच. गोड पेयात मंडईतला जिन्नस घालायची सवय इथे आहे, फक्त तिला कुणी भाजीचं पेय म्हटलं नाही.

बारामतीच्या शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे दर वर्षी 'कृषिक' प्रदर्शन भरतं आणि भाजीपाल्यातले नवे प्रयोग पाहायला दूरदूरचे शेतकरी येतात. काकडी, बीट, गाजर यांचे भाव कोसळल्यावर माल रस्त्याकडेला टाकण्यापेक्षा त्याचं काही करता येईल का, हा प्रश्न इथल्या शेतकऱ्याच्या जिव्हाळ्याचा आहे. सोडा हे त्याचं संपूर्ण उत्तर नव्हे, पण एक छोटा मार्ग नक्की आहे. पहिला मान काकडीचा असावा, जिऱ्याच्या आणि काळ्या मिठाच्या सोबतीने, आणि पाटीवर 'काकडी मसाला' असं लिहून. 'मसाला' या शब्दाने मेंदूचा रुमाल योग्य बाकावर पडतो. त्यानंतर गाजर-आलं. बीट लिंबाच्या आधाराने. ढोबळी मिरचीला सोड्यात न आणलेलंच बरं.

घरी करून पाहा (चौकट)

काकडी मसाला सोडा: एक मध्यम काकडी किसून, पिळून, गाळून घ्या. त्यात अर्धं लिंबू, दोन चमचे साखर, चिमूटभर काळं मीठ आणि चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड मिसळा. वर थंडगार साधा सोडा ग्लासच्या कडेने सावकाश ओता, नाही तर फेस बाहेर येईल.

नाकाची परीक्षा: पहिला घोट नाक चिमटीत धरून प्या. गोड, आंबट, खारट आणि चरचर एवढंच कळेल. घोट गिळून नाक सोडा. काकडी आणि जिरं त्या क्षणी 'येतात'.

नावाची परीक्षा: घरातल्या अर्ध्या मंडळींना हा 'काकडीचा सोडा' म्हणून द्या, उरलेल्यांना 'नवा मसाला सोडा' म्हणून. दोघांची मतं वेगवेगळी विचारा.

बाटलीत भरायचं असेल तर

गाडीवर ताजा करून दिलेला ग्लास आणि आठवडाभर टिकणारी बाटली यांत मोठं अंतर आहे. बहुतेक फळांचे रस आंबट असतात, भाज्यांचे नसतात. आंबटपणा मोजायच्या पीएच या मापात लिंबाचा रस दोनच्या आसपास येतो, काकडी पाचाच्या वर आणि गाजर सहाच्या जवळ. आकडा जितका लहान, तितकं आम्ल जास्त. ४.६ ही इथली धोक्याची रेषा. तिच्या वर, हवाबंद बाटलीत, 'क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम' हा जिवाणू वाढू शकतो आणि त्याचं विष लकवा आणतं. २००६मध्ये अमेरिका आणि कॅनडात बाटलीबंद गाजराच्या रसातून असे रुग्ण आढळले होते. सोड्यातला वायू थोडं आम्ल देतो, पण भाजीचा रस जास्त असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.

तेव्हा एखाद्या बचत गटाला किंवा तरुण उद्योजकाला भाजीचा सोडा बाटलीत विकायचा असेल, तर पीएच मापक आधी घ्यावा आणि छापील लेबल नंतर. लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घालून प्रत्येक घाण्याचा पीएच ४.६च्या बराच खाली आणावा, अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी करावी आणि माल प्रयोगशाळेतून तपासून घ्यावा. हे सगळं होईपर्यंत काकडीचा सोडा ग्लासातच, मागणी आल्यावर ताजा करून द्यावा आणि उरलेला रस दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.